एका शिपायाचा चष्मा

बंगालमध्यें हुगळी नदीच्या पश्चिम तीरावर, कलकत्त्याच्या उत्तरेस वीस-बावीस मैलांवर, चंद्रनगर नांवाचें एक जुनें शहर आहे. सतराव्या शतकाच्या अखेरीपासून तें फ्रेंचांचें ठाणें. भोंवतालीं सगळीकडे इंग्रजांचा अंमल आणि मध्यें हें एवढेंसें फ्रेंच बेट, अशी त्याची स्थिति, मधले कांहीं खंड सोडले तर, पुष्कळ काळ होती. १९४९ सालीं तेथील लोकांनीं कौल देऊन हिंदुस्थानांत सामील होण्याचें ठरविलें आणि पुढच्याच वर्षीं शहराचा कारभार आपल्या सरकारकडे आला. नदीकांठीं डुप्लेच्या नांवानें ओळखला जाणारा एक फ्रेंच वाडा आहे, त्यांत आतां पदार्थसंग्रहालय आहे. आणि त्या संग्रहालयांत, फ्रेंच अमदानीच्या अवशेषांमध्यें, कांचेच्या कपाटांत एक चष्मा ठेविलेला आहे. तो फुटलेला आहे आणि त्यावर रक्ताचे डाग आहेत.

शंतनु दास नांवाच्या बंगाली अध्यापकांनीं हा चष्मा २००५ मध्यें पाहिला. पहिल्या महायुद्धांत गेलेल्या हिंदी शिपायांचा माग काढण्यांत त्यांचीं अनेक वर्षें गेलेलीं. तरीही या चष्म्यापुढें त्यांचे पाय थबकले, आणि पुढें या युद्धाविषयीं त्यांनीं जें लिहिलें त्यांत त्याला मानाची जागा दिली. चष्मा ज्याचा होता त्याचें नांव जोगेन्द्रनाथ सेन. तो चंद्रनगरचाच. १९१६ च्या मे महिन्यांत फ्रान्समधील खंदकांत तो मारला गेला, वय अठ्ठावीस. हिंदी शिपाई त्या युद्धांत हजारोंनीं मेले, परंतु जोगेन्द्रनाथ मेला तो हिंदी पलटणींत नव्हे. यॉर्कशरमधील लीड्स शहरच्या गोऱ्यांच्या पलटणींत, त्यांच्याच रांगेंत उभा राहून, साधा शिपाई म्हणून तो मेला.

ही हकीकत मीं पूर्वीं एक-दोनदां वाचली होती. गेल्या वर्षीं ती पुनः शोधून काढून वाचावी लागली, त्याचें कारण आमच्या घरांत घडलेली एक गोष्ट.

माझ्या धाकट्या दिरांचा मुलगा बारा वर्षांपूर्वीं संगणकाचें शास्त्र शिकावयास इंग्लंडला गेला. शिकला, नोकरीस लागला, तेथल्या चालीप्रमाणें कर्ज काढून घर घेतलें आणि यथाकाल तेथला नागरिकही झाला. इथवर आमच्यासारख्या घरांत आतां नवलाचें कांहीं उरलेलें नाहीं. एके काळीं समुद्र ओलांडून आलेल्या माणसाला पंक्तीला घ्यावयाचें कीं नाहीं यावर गांवांत तट पडत आणि प्रायश्चित्त घेतल्यावांचून त्याला पानावर बसूं देत नसत. आतां आमच्या घरीं पानावर बसणारीं माणसें थोडीं आणि समुद्रापलीकडचीं अधिक, असा प्रकार आहे. पण गेल्या वर्षीं गणपतीच्या दिवसांत त्याचा फोन आला तो असा कीं, आपण तेथल्या राखीव सैन्यांत नांव घातलें आहे आणि सुटीच्या दिवशीं कवायतीला जातों. ऐकून धाकट्या जाऊबाई उठून आंत गेल्या. भावोजी म्हणाले, “इथें कॉलेजांत एन. सी. सी. ला जा म्हटलें तर याचे पाय दुखत!” सासूबाईंचें वय ब्याण्णव. त्यांनीं जपाची माळ खालीं ठेविली आणि एकच प्रश्न विचारला: “पण लढाई कुणाची?”

त्याला कोणीं उत्तर दिलें नाहीं. चार दिवसांनीं मुलानें मला निराळा फोन केला. त्याला माहीत आहे कीं, त्याच्या आईशीं बोलावयाचा रस्ता मोठ्या काकूवरून जातो. “काकू,” तो म्हणाला, “आमच्या गांवाला पूर आला होता, तेव्हां वाळूचीं पोतीं भरावयाला हींच माणसें आलीं होतीं. गल्लींतले सगळे मदतीला गेले. मी काय खिडकींतून बघत बसूं?” मीं त्याला म्हटलें, पुराचीं पोतीं निराळीं आणि लढाई निराळी. तो म्हणाला, “माणसें तींच आहेत.” या त्याच्या बोलण्यामुळें मला जोगेन्द्रनाथाची आठवण झाली.

जोगेन्द्रनाथ वाढला तें चंद्रनगर कांहीं झोंपलेलें गांव नव्हतें. इंग्रजी पोलिसांचा हात तेथें सहसा पोंचत नसे, आणि म्हणूनच बंगालच्या क्रांतिकारकांना तें सोयीचें झालें होतें. १९१० च्या फेब्रुवारींत अरविंद घोष कलकत्त्याहून निसटले ते नावेनें प्रथम येथेंच आले आणि कांहीं आठवडे लपून राहून मग पाँडिचेरीस गेले. याच गांवचा कानाईलाल दत्त. त्याचे वडील मुंबईस हिशेबनीस असल्यामुळें त्याचें पहिलें शिक्षण आपल्या गिरगांवांत, आर्यन एज्युकेशन सोसायटीच्या शाळेंत झालें होतें. अलीपूरच्या तुरुंगांत माफीच्या साक्षीदाराला गोळी घालून तो १० नोव्हेंबर १९०८ रोजीं फांसावर गेला, तेव्हां त्याचें वय वीस होतें. जोगेन्द्रनाथ जवळजवळ त्याच वयाचा. एकाच नदीचें पाणी प्यालेले हे दोघे. एकानें इंग्रजांशीं झुंजून मरण घेतलें, आणि दुसऱ्यानें इंग्रजांच्या खांद्याला खांदा लावून. पहिल्याला आपल्या इतिहासांत जागा मिळाली हें योग्यच झालें. गांवच्या विद्यालयाला त्याचें नांव आहे. दुसऱ्याला ठेवावयाचें कोठें, हें मात्र पुष्कळ वर्षें कोणाला उमगलें नाहीं.

अरविंदबाबू चंद्रनगरांत लपले त्याच १९१० सालीं जोगेन्द्रनाथ इंग्लंडला गेला. लीड्स हें उत्तरेकडील लोंकरीच्या गिरण्यांचें, धुराचें आणि पावसाचें शहर. तेथल्या विश्वविद्यालयाला स्वतंत्र सनद मिळून जेमतेम सहा वर्षें झालीं होतीं. ऑक्सफर्ड-केम्ब्रिजचा थाट तेथें नव्हता. यंत्रें, रंग, कोळसा, कातडें यांच्या विद्या तेथें शिकवीत. जोगेन्द्रनाथानें वीजशास्त्र घेतलें आणि १९१३ मध्यें पदवी मिळविली. आपल्याकडे वीज तेव्हां नवीच होती. टाटांनीं खोपोलीहून मुंबईला वीज आणली ती १९१५ मध्यें. तो परत आला असता तर त्याला कामाची वाण पडली नसती. पण तो राहिला. लीड्सच्या कॉर्पोरेशनचें स्वतःचें वीजघर होतें, त्यांत तो सहाय्यक इंजिनियर झाला. म्हणजे संध्याकाळीं त्या शहरांत घराघरांतून दिवे लागत, त्यांत या चंद्रनगरच्या मुलाचाही हात होता. शिकावयास आलेला पाहुणा आणि नोकरी करणारा गांवकरी यांत मोठा फरक आहे. पाहुण्याला दिवा लागला नाहीं तर तो तक्रार करतो. गांवकरी उठून तो कां लागला नाहीं तें पाहूं लागतो.

१९१४ च्या ऑगस्टमध्यें युद्ध सुरू झालें. इंग्लंडमध्यें सक्तीची भरती नव्हती. तेव्हां लोक आपण होऊन यावेत म्हणून एक युक्ति निघाली. जे एकत्र राहतात, एका कचेरींत काम करतात, एका मैदानावर खेळतात, त्यांनीं एकत्र नांवें घालावींत, त्यांना एकत्रच ठेवूं, असें वचन देण्यांत आलें. शहराशहरांतून अशा ‘सोबत्यांच्या’ पलटणी उभ्या राहिल्या. लीड्सची पलटण सप्टेंबरमध्यें निघाली. तिचा साजसरंजामाचा खर्च नगराध्यक्ष ब्रदरटन यांनीं आपल्या खिशांतून देण्याचें कबूल केलें. ही पलटण विशेषेंकरून पांढरपेशांची होती: कारकून, शिक्षक, व्यापाऱ्यांचीं मुलें, विश्वविद्यालयांतील पदवीधर. सैन्याच्या कागदांवर तिचें नांव वेस्ट यॉर्कशर रेजिमेंटची १५ वी बटालियन. पहिल्या पहिल्यांत ज्यांनीं नांवें दिलीं त्यांत जोगेन्द्रनाथ सेन होता. त्या पलटणींत गोरा नसलेला तो एकटाच.

येथें मला थोडें थांबावेंसें वाटतें. एका सुशिक्षित, परतंत्र देशांतल्या तरुणानें राज्यकर्त्यांच्या लढाईंत आपण होऊन पडावें याला आपण काय म्हणावें? राजनिष्ठा म्हणून गौरव करणारे तेव्हां होते. गुलामी म्हणून नाक मुरडणारे पुढें निपजले. दोघांनाही ही गोष्ट फार सोपी वाटली, असें मला वाटतें. राजाचें मीठ खाऊन राजासाठीं मरणें ही कल्पना आमच्या बखरींतून भरलेली आहे. पण हा गृहस्थ राजाचें मीठ खात नव्हता. तो लीड्सच्या कॉर्पोरेशनचा पगार खात होता. साम्राज्याला त्यानें काय मानलें हें सांगणारी त्याची एक ओळही मीं वाचलेली नाहीं, म्हणून त्याच्या तोंडीं मी कांहीं घालणार नाहीं. पण कृति पाहिली तर ती उघड आहे. गांवांतले सोबती निघाले, तोही निघाला. साम्राज्यासाठींच लढावयाचें असतें तर शरीराला आणि मानाला कमी झीज लागेल अशा जागा दुसऱ्या होत्या. त्याच ऑगस्टमध्यें गांधीजी लंडनमध्यें हिंदी विद्यार्थ्यांचें शुश्रूषापथक उभारीत होते. तेथें न जातां तो आपल्या शहराच्या रांगेंत उभा राहिला.

आणि त्या रांगेंत तो अखेरपर्यंत शेवटच्याच पायरीवर राहिला. पलटणीची पहिली कवायत यॉर्कशरच्या डोंगराळ भागांत, कोल्स्टरडेल येथें झाली. लांकडी बराकी, थंडी, उघडा माळ. त्याच्या बराकींत राहणारा एक सोबती पुढें सत्तर वर्षांनीं, अगदीं म्हातारपणीं, त्याच्याविषयीं बोलला. त्यानें सांगितलें तें थोडक्यांत असें: आमच्यांत एक हिंदु होता; सगळ्या पलटणींत त्याच्याइतका शिकलेला कोणी नव्हता, त्याला सातेक भाषा येत; पण त्याला साधा लान्स कार्पोरलसुद्धां होऊं दिलें नाहीं, कारण काळ्या माणसाला गोऱ्याच्या वर ठेवणें त्या काळीं चालत नसे. लान्स कार्पोरल म्हणजे केवढी मोठी पदवी? बाहीवर एक फीत, आणि दहा-बारा माणसांवर हुकूम. अधिकाऱ्यांच्या बाबतींत तर नियम कागदावरच होता: सनदी अधिकारी व्हावयाचें तर उमेदवार शुद्ध युरोपीय वंशाचा असला पाहिजे. वैद्यकीय खातें सोडलें तर हिंदी माणसाला ती वाट बंद. खालच्या फितीला लेखी नियमाची गरज पडली नाहीं. रूढीनें काम भागलें. रूढीचें बळ किती असतें तें आम्हांला कोणीं शिकवावयास नको.

त्या म्हाताऱ्याच्या बोलण्यांत मला एक गोष्ट मोलाची वाटते. सत्तर वर्षांत तो किती तरी नांवें विसरला असेल. हा अन्याय विसरला नाहीं. तो अन्याय त्याच्यावर झालेला नव्हता, शेजारच्या खाटेवर झालेला होता.

इंग्रजांचें एक आवडतें शास्त्र होतें कीं, हिंदुस्थानांत कांहीं जाती लढवय्या आणि कांहीं नाहींत. बंगाली, त्यांतून शिकलेला बंगाली, हा या शास्त्राप्रमाणें शिपाईगिरीला सर्वस्वीं नालायक. मराठे लायक, त्यामुळें रत्नागिरी-साताऱ्याचीं मुलें मराठा पलटणींतून मेसोपोटेमियांत गेलीं आणि जोगेन्द्रनाथ मेला त्याच्या आदल्या महिन्यांतच कूट येथें उपाशी वेढ्यांतून शत्रूच्या हातीं पडलीं. मात्र लढण्याची लायकी आणि हुकूम देण्याची लायकी या दोन निराळ्या गोष्टी होत्या. दुसरी मराठ्याजवळही नव्हती आणि ब्राह्मणाजवळही नव्हती. लोकमान्यांनीं १९१८ मध्यें नेमकें याच ठिकाणीं बोट ठेविलें. हिंदी लोकांना सैन्यांत अधिकाराच्या जागा देण्याचें वचन सरकारकडून मिळवा, मी महाराष्ट्रांतून पांच हजार माणसें देतों, न दिलीं तर हे पैसे जप्त करा, असें म्हणून त्यांनीं गांधीजींकडे पन्नास हजारांचा चेक पाठविला. गांधीजींना असा सौदा मान्य नव्हता आणि तो चेक परत गेला. दोघांत कोण बरोबर, हा वाद आमच्या माजघरांत अजूनही रंगतो, आणि आमच्या घरीं तो लोकमान्यांच्या बाजूनें सुटतो हें सांगितलेंच पाहिजे असें नाहीं.

दार अगदींच बंद राहिलें असें मात्र नाहीं. १९१७ च्या ऑगस्टमध्यें नऊ हिंदी गृहस्थांना राजाची सनद मिळाली, आणि त्याच वर्षीं विमानदळांत चार हिंदी तरुण अधिकारी म्हणून घेतले गेले. त्या चौघांत एक मुंबईचे श्रीकृष्ण वेलिणकर आणि एक कलकत्त्याचा इंद्रलाल रॉय. दोघेही १९१८ च्या उन्हाळ्यांत फ्रान्समध्यें पडले. इंद्रलाल तर एकोणीस वर्षांचा होता आणि त्यानें दहा विमानें पाडलीं होतीं. जोगेन्द्रनाथाचें दुर्दैव एवढेंच कीं, तो एक वर्ष आधीं मेला.

१९१५ च्या डिसेंबरमध्यें ही पलटण प्रथम मिसरांत गेली, सुवेझच्या कालव्यावर पहारा करावयास. हिंदुस्थानची आणि विलायतेची वाट याच कालव्यांतून जाते. पूर्वेकडे जाणाऱ्या आगबोटी त्याच्या डोळ्यांसमोरून जात असतील. पंधरा-वीस दिवसांत त्या हिंदुस्थानच्या बंदराला लागावयाच्या. पलटण मात्र १९१६ च्या मार्चमध्यें उलट दिशेला, फ्रान्सला, गेली.

सोम नदीच्या उत्तरेस, सेर नांवाच्या खेड्यासमोर त्यांचे खंदक होते. दिवसा डोकें वर काढण्याची सोय नाहीं. जें काय करावयाचें तें रात्रीं. रात्रीं कांहीं माणसें खंदकाबाहेर पडत आणि दोन्ही सैन्यांमधल्या मोकळ्या जागेंत काटेरी तारा ठोकीत, तुटलेल्या जोडीत. हातोडीचा आवाज होऊं द्यावयाचा नाहीं, काडी ओढावयाची नाहीं. तार हें तर जोगेन्द्रनाथाचें ओळखीचें साहित्य. फक्त तिच्यांतून आतां दिवा लागावयाचा नव्हता. २२ मे १९१६ च्या रात्रीं तो अशाच एका टोळींत असतांना शत्रूनें तोफा डागल्या. त्याच्या पायाला जखम झाली आणि मानेला जखम झाली. तो तेथेंच गेला. चष्मा तेव्हां त्याच्या अंगावर होता.

पुढें चाळीस दिवसांनीं, १ जुलै १९१६ रोजीं सकाळीं, त्याच खंदकांतून लीड्सची पलटण सेरवर चालून गेली. कांहीं मिनिटांत ती कापली गेली. दोनशेंहून अधिक माणसें त्या एका दिवसांत मेलीं. मित्रांना एकत्र ठेवूं हें वचन सरकारनें तंतोतंत पाळलें होतें. एकेका गल्लींत एकाच दिवशीं तारा आल्या. अशा पलटणींची युक्ति पुढें कोणीं केली नाहीं.

जोगेन्द्रनाथाची कबर कोलँकाँ गांवाजवळच्या लष्करी स्मशानांत आहे. जवळ बीटापासून साखर करण्याचा कारखाना होता, त्यावरून त्या स्मशानाला ‘साखर-कारखान्याचें स्मशान’ असेंच नांव पडलें. हिंदूच्या नांवाची कबर हें वाचतांना आपल्याला चमत्कारिक वाटतें. पण त्या मुलखांत अग्नि कोण देणार? युद्धानंतर कबरींची व्यवस्था पाहणाऱ्या मंडळीनें एक नियम केला: सेनापति असो वा शिपाई असो, दगड एकाच मापाचा. जी फीत बाहीवर मिळाली नाहीं तिची उणीव त्या दगडावर दिसत नाहीं.

हा नियमही सगळीकडे सारखा चालला नाहीं, हें येथें सांगितलें पाहिजे. मेसोपोटेमियांत ज्यांचीं प्रेतें मिळालीं नाहींत त्यांच्यासाठीं बसऱ्यास मोठें स्मारक उभारलें. त्यावर गोऱ्यांचीं नांवें कोरलेलीं आहेत, हिंदी अधिकाऱ्यांचींही आहेत. पण साध्या हिंदी शिपायांचे आहेत ते नुसते आंकडे, अमक्या पलटणीचे इतके. आमच्या कोंकणांतील आणि घाटावरील किती तरी घरांतला मुलगा तेथें एका आंकड्यांत आहे. २०२१ मध्यें त्या मंडळीनें स्वतःच चौकशी करून ही विषमता कबूल केली आणि क्षमा मागितली. पहिल्या महायुद्धांत चौऱ्याहत्तर हजारांवर हिंदी माणूस मेला. त्यांत परक्या शहराच्या पलटणींत गेलेल्या या एका बंगाल्याला स्वतःचें नांव कोरलेला दगड मिळाला, आणि आपल्याच पलटणींत राहून मेलेल्या पुष्कळांना तो मिळाला नाहीं. याचा अर्थ कोणीं कसा लावावा तो लावावा. मला वाईट वाटतें तें दोघांबद्दलही वाटतें.

लीड्सनें त्याचें नांव आणखी एका ठिकाणीं ठेविलें होतें. विश्वविद्यालयाच्या युद्धस्मारकावर, तेथले जे जे विद्यार्थी व शिक्षक युद्धांत गेले त्यांच्या यादींत, सेन हें नांव आहे. हजारों विद्यार्थी त्या दगडासमोरून रोज जात-येत. हा सेन कोण, कोठला, हें विचारावेंसें फार थोड्यांना वाटलें असेल. इकडे चंद्रनगरांत लोक चष्मा पाहत, पण तो माणूस राहत कोठें होता, करीत काय होता, हें तेथें कोणाला ठाऊक नव्हतें. नांव एका खंडांत आणि चष्मा दुसऱ्या खंडांत. शंतनुबाबूंच्या लेखनावरून आणि लीड्सच्या स्थानिक अभ्यासकांच्या खटपटीनें या दोन गोष्टींची गांठ पडली, तेव्हां त्याला जाऊन शंभर वर्षें होत आलीं होतीं.

सासूबाईंना मीं ही सगळी हकीकत दुपारच्या वेळीं वाचून दाखविली. त्यांनीं ती नीट ऐकिली आणि मग विचारलें, “त्याच्या आईला कळविलें कुणीं?” तें मला सांगतां आलें नाहीं. धाकट्या जाऊबाई शेजारीं भाजी निवडीत होत्या. त्यांनीं मान वर केली नाहीं. पण आतां त्या रविवारीं मुलाचा फोन आला म्हणजे कवायतीला जातांना आंतून गरम कांहीं घालतोस ना, एवढें विचारतात.

चष्म्याबरोबर जोगेन्द्रनाथाच्या आणखीही कांहीं चिजा चंद्रनगरला पोंचल्या. त्यांत एका इंग्रज तरुणीचें छायाचित्र आहे. ती कोण असावी याचा शोध लोकांनीं घेतला आहे. तिचें नांव येथें सांगण्याचें कारण नाहीं. माझ्या मनांत येतें तें निराळेंच. १९१६ सालीं बंगालमधील एका हिंदु घरांत विलायतेहून आलेलें एक पुडकें कोणीं तरी सोडलें असेल. दिवाणखान्यांत नाहीं, माजघरांत. चष्मा बाहेर निघाला तेव्हां तो काय आहे हें सांगावें लागलें नसेल, आणि छायाचित्र निघाल्यावर तेंही सांगावें लागलें नसेल. जातीबाहेरची, धर्माबाहेरची, राज्यकर्त्यांच्या रंगाची एक मुलगी. तें चुलींत टाकलें असतें तर कोणीं हूं कीं चूं केलें नसतें, आणि आज आपल्याला पत्ताही लागला नसता. पण ज्या हातांनीं चष्मा पुसला नाहीं, डाग तसेच राहूं दिले, त्याच हातांनीं तें छायाचित्रही त्याच्याशेजारीं ठेवून दिलें.